नांदूर मध्यमेश्वर: फाल्गुन-चैत्रातल्या नोंदी आणि पाण्याची पातळी

गोदाकाठ

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होते आणि मग थेट पावसाळ्यापर्यंत नांदूर मध्यमेश्वरच्या याद्या आटतात. नेमक्या याच काळात तिथे सगळ्यात जास्त उलथापालथ चाललेली असते. पाहुणे परतीला लागतात, राहणारे विणीला लागतात आणि पाणी खाली-वर होत राहते. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या नोंदी एका जागी राहाव्यात म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी जागेची ओळख. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिशकालीन बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षे गाळ साठत गेला आणि उथळ पाणी, बेटे, पाणकणसाची बने अशी पाणथळ तयार झाली. १९८६ पासून हे अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झाले. रामसर क्षेत्र साधारण १,४३७ हेक्टर.

एक विनंती सुरुवातीलाच. पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची स्थिती लिहा. मार्चमध्ये पक्षीनिरीक्षण मनोऱ्यासमोरची पाचशे बदके एका आठवड्यात नाहीशी झाली, तर ती मध्य आशियाकडे गेली असतील किंवा पाणी चढल्यामुळे चार किलोमीटरवरच्या उथळ तळ्यात गेली असतील. नुसत्या आकड्यावरून यातले काय झाले ते कधीच कळत नाही. पातळी लिहिलेली असली तर कळते.

कादवातीर

पूर्ण सहमत. पातळी लिहायची कशी, तेही सांगून ठेवतो, कारण "पाणी बरेच आहे" या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

एक न हलणारी खूण धरा: मनोऱ्यासमोरचा मोठा खडक, घाटाची पायरी, पाण्यातला वाळलेला बाभळीचा बुंधा. दर खेपेला त्याच जागी उभे राहून, त्याच बाजूने, झूम न करता एक फोटो काढा. वर्षाकाठी दहा-बारा फोटो झाले की पातळीचा आलेख आपोआप तयार होतो. शिवाय यादीत एक ओळ टाका: चिखल उघडा आहे का, असल्यास ओला की भेगाळलेला, आणि जलपर्णीने साधारण किती पाणी झाकले आहे.

हे कशासाठी, तर प्रत्येक पक्ष्याची खोली ठरलेली असते. छोटा टिलवा ओल्या चिखलावर आणि बोटभर पाण्यात खातो. शेकाट्या वीतभर पाण्यात सहज चालतो. तलवार, थापट्या, चक्रांग ही वर शेपूट करून खाणारी बदके. मान पोहोचेल तेवढ्याच खोलीत त्यांचे पोट भरते. म्हणजे पाणी हातभर चढले की चिखलातले पक्षी उठणार आणि बदके काठाकडे सरकणार. पक्षी "गेले" नसतात, त्यांचे ताट हललेले असते.

बोरूवन

परतीचा क्रम लिहितो. दरवर्षी आठवडाभर इकडेतिकडे होतो, पण क्रम सहसा मोडत नाही.

पट्टकादंब हंस आणि तलवार बदके लवकर आवरतात. मार्चचा मध्य उलटला की पट्टकादंबाचा थवा दिसणे ही मुद्दाम लिहिण्यासारखी गोष्ट. चक्रवाक थोडे रेंगाळतात. थापट्या आणि भुवई बदक सर्वांत शेवटी. भुवई बदक पावसाळा सरता सरता पहिले येते आणि एप्रिलमध्येही थोडी मागे असतात. किनारपक्ष्यांमध्ये ठिपकेवाली तुतवार एप्रिलअखेरपर्यंत सापडते. पळसमैनांचे थवे पळस, पांगारा, सावर फुललेले असेपर्यंत काठावरच्या झाडांत दंगा करतात, संध्याकाळी पाणकणसात झोपायला उतरतात आणि एप्रिलच्या मध्यानंतर विरळ होतात.

पहिला पक्षी कधी आला हे सगळे उत्साहाने लिहितात. शेवटचा कधी गेला हे कोणी लिहीत नाही. त्याला कारण आहे: पक्षी दिसला की लक्षात राहतो, दिसायचा थांबला की लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. मार्च-एप्रिलमध्ये दर आठवड्याला एकदा, त्याच जागेवरून, तेवढाच वेळ पूर्ण यादी करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी म्हणजे ओळखता आलेली प्रत्येक जात नोंदवलेली यादी. अशा यादीत भुवई बदक नसेल तर ते त्या वेळी तुम्हाला आढळले नाही, असा अर्थ लावता येतो. निवडक चार पक्ष्यांच्या यादीतून असा अर्थ काढता येत नाही.

माळटिटवी

संख्येच्या जागी "एक्स" टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती: अंदाज लिहा, पण आकडा लिहा. "एक्स" म्हणजे दोन की दोन हजार हे कोणालाच कळत नाही.

वारकऱ्यांच्या (काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) मोठ्या थव्यासाठी पद्धत अशी. आधी दहा पक्षी मोजा आणि दुर्बिणीत ते किती रुंदी व्यापतात ते पाहा. तोच तुकडा थव्यावर ठेवत जा. थवा मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून दाट भागासाठी तुकडा वेगळा घ्या. मध्यभागाचा तुकडा सगळीकडे लावला की आकडा फुगतो, कडेचा लावला की निम्म्यावर येतो. थवा पोहत असेल तर त्याच्या उलट दिशेने मोजत जा, म्हणजे तेच पक्षी पुन्हा मोजले जात नाहीत. मिश्र थव्यात सर्वांत कमी असलेली जात आधी मोजून घ्या. वारकरी शेवटी.

टिबुकलीसाठी वेगळा नियम. ती सारखी बुडी मारते, एका नजरेत नेहमीच काही पाण्याखाली असतात. तीन वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. सरासरी घेऊ नका.

फाल्गुनपाणी

मी नवीन आहे. काही दिवसांपूर्वी काठावर गडद तपकिरी-लाल पाठीचा, पिवळसर डोक्याचा छोटा बगळा होता. उडाला तेव्हा पंख पांढरे शुभ्र. पुस्तकातल्या एकाही चित्राशी पूर्ण जुळत नाही. दुसरे म्हणजे तीन पांढरे बगळे, तिघांच्याही चोची काळ्या, पण उंची वेगवेगळी. तिघेही छोटे बगळे समजू का?

बोरूवन

पहिला वंचक, म्हणजे आपली ढोकरी. एरवी मातकट, रेघारेघांचा, चिखलात मिसळून जाणारा हा पक्षी विणीच्या पिसाऱ्यात ओळखू येत नाही. पाठीवर लांब, सुट्या केसांसारखी गडद तांबूस पिसे येतात, डोके-मान फिकट पिवळसर होते, डोक्यामागे दोन-तीन लांब पिसे लोंबतात. उडताना पांढरे पंख ही खूण मात्र बारा महिने तीच. वसंतातल्या चुकीच्या "दुर्मीळ" नोंदींपैकी बऱ्याच याच पक्ष्याच्या असतात.

बगळ्यांच्या बाबतीत चोचीचा रंग या दिवसांत सोडून द्या. एरवी मोठ्या आणि मध्यम बगळ्याची चोच पिवळी असते. विणीच्या काळात दोघांचीही काळी होते. त्यामुळे "काळी चोच म्हणजे छोटा बगळा" हा हिवाळ्यातला नियम मार्चनंतर फसवतो. या क्रमाने पाहा. तोंडाची फट डोळ्याच्याही मागेपर्यंत गेलेली आणि मानेला ठळक बाक असेल तर मोठा बगळा. फट डोळ्याखालीच थांबत असेल, डोके गोलसर आणि चोच आखूड असेल तर मध्यम. पाय काळे आणि पंजे पिवळे असतील, डोक्यामागे दोन लांब बारीक पिसे असतील तर छोटा. पंजे पाण्यात असल्याने दिसत नाहीत; एक पाय उचलेपर्यंत थांबायचे. गायबगळ्याचे डोके, मान, पाठ याच दिवसांत केशरी होऊ लागते, त्यामुळे तो उलट सोपा होतो.

फाल्गुनपाणी

फट डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, ही खूण फोटोत स्पष्ट दिसते आहे. म्हणजे एक मोठा बगळा नक्की. बाकी दोघांचे पंजे दिसत नाहीत.

बोरूवन

मग त्या दोघांची नोंद "बगळा, जात अनिश्चित" अशी करा. ई-बर्डमध्ये तसा पर्याय आहे. ओढूनताणून जात लावण्यापेक्षा ती नोंद कितीतरी चांगली.

गोदाकाठ

माद्या बदकांबद्दलही विचारणा येते, म्हणून इथेच लिहितो.  भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यापेक्षा साधा, आणि शेपटीच्या कडेला फिकट रेघ. थापट्याची मादी रुंद चोचीवरूनच कळते. मलिन बदक उडाले की पंखावर पांढरा चौकोन. आणि हळदीकुंकू बदक नेहमी वेगळे मोजा: ते इथले रहिवासी. काळ्या चोचीचे टोक पिवळे, मुळाशी लाल ठिपके, नावाप्रमाणेच. पाहुणी बदके संपली तरी हे दिसत राहते आणि "बदके अजून आहेत" असा घोटाळा होतो.

कादवातीर

वेळेबद्दल दोन शब्द. फेब्रुवारीत साडेदहापर्यंत आरामात पाहता येते. मार्चअखेर नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरून हवा थरथरू लागते आणि स्कोपमध्ये (तिवईवरच्या दुर्बिणीत) सगळे पाण्याखाली असल्यासारखे हलते. अशा वेळी साठपट मोठे करून पाहण्यात अर्थ नसतो, थरथरही तेवढीच मोठी होते. वीस-पंचवीसपटवर या किंवा मनोऱ्यावर चढा, जमिनीलगत थरथर सर्वांत जास्त असते. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहा, संध्याकाळी उलट. उन्हाकडे तोंड करून पाहिले तर मोरशराटी, काळा शराटी आणि पाणकावळा तिन्ही काळेच दिसतात.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस पुरे. दहापटीची घेतली तर हात कापतो आणि दृष्टिक्षेत्र लहान होते. उडत्या चिखल्यांच्या थव्यामागे ती धावत नाही.

शेकाट्या

आता विणीबद्दल, आणि हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाणी उतरले की उघड्या बेटांवर आणि चिखलाच्या कडेला नदी सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या, टिटवी आणि थोड्या उशिरा शेकाट्या घरटी करतात. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कडेला चार खडे, सुक्या शेणाचे तुकडे. टिटवीची अंडी मातकट, त्यावर काळपट डाग. तीन पावलांवरूनही दिसत नाहीत. पक्षी काय करतो यावरून ओळखा. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे या दिवसांत झळझळीत असते. तो पंख पाडून लंगडत तुमच्यापुढे चालू लागला, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. थांबा आणि आलात त्याच पावलांनी मागे फिरा. पुढे जाऊन वळायला गेलात तर पाय अंड्यावर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधूनच उठून पाण्यावर जाते, अंग खाली दाबून पोटाची पिसे भिजवते, ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसते. पाणी निथळून अंडी गार राहतात. अशा वेळी तिला घरट्यावरून उठवले आणि आपण फोटोसाठी तिथेच थांबलो, तर उघड्या अंड्यातला जीव उन्हाने मरायला फार वेळ लागत नाही. अंडी फुटलेली नसतात, म्हणून आपल्यामुळे काही झाले हे कळतही नाही.

माळटिटवी

आणि यात आवर्तन, म्हणजे धरणातून सिंचनासाठी ठरावीक काळाने सोडलेले पाणी, आले. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून उन्हाळी आवर्तन सुटले की ते याच बंधाऱ्यात येते आणि इथून कालव्यांत वळते. कालव्यात पाणी घालायचे तर बंधाऱ्यातली पातळी वर लागते. म्हणजे चिखल उघडा पडून आठ-दहा दिवस झाले, पक्ष्यांनी अंडी घातली, आणि मग पाणी चढले. टिटवीला अंडी उबवायला जवळपास चार आठवडे लागतात. दोन चढांमधले अंतर त्याहून कमी असले की खालच्या काठावरची घरटी बुडतात, वरची वाचतात.

आवर्तन थांबवा असे कोणी म्हणणार नाही, खालच्या तालुक्यांतली पिके त्यावर आहेत. पण घरटी कोणत्या उंचीवर होती आणि पाणी कोणत्या तारखेला कुठवर आले, एवढी नोंद चार-पाच वर्षे सलग असेल तर पातळी हळूहळू चढवता येईल का, एखादे बेट उंच करता येईल का, हे वनविभाग आणि पाटबंधारे विभागासमोर मांडता येते. नुसत्या हळहळीवर कोणी निर्णय घेत नाही.

गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पेरणी, होते तिथे आणखी एक गोष्ट. ओसरत्या पाण्यामागे नांगर फिरतो आणि टिटवीची घरटी त्यात जातात. शेतकऱ्याला जागा दाखवली तर बहुतेक जण तेवढा तुकडा सोडतात. टिटवी कुठे अंडी घालते यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे आहेत ती, घरटे त्यांना परके नसते.

फाल्गुनपाणी

मग घरट्याची जागा इथे लिहायची की नाही?

शेकाट्या

नाही. जात, तारीख, "घरटे, अंडी" किंवा "घरटे, पिल्ले" एवढेच. ई-बर्डमध्ये विणीचे संकेत भरायची सोय आहे, ते भरा. पण नेमके स्थान आणि जवळून काढलेला फोटो टाकू नका. फोटोमागोमाग माणसे येतात, माणसांमागोमाग कावळे आणि कुत्री. कायद्याने पाहिले तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे "शिकार" या व्याख्येतच येते. विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणेही बंद ठेवा. नर हद्दीत परका आला समजून खाणे-उबवणे सोडून धावत राहतो. आणि परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन चालत नाही, बेटावरच्या घरट्यांसाठी तर अजिबात नाही. एक फेरी झाली की सगळी वसाहत एकदम उठते.

बोरूवन

कमळपक्ष्याबद्दल एक भर. लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात शेपटीशिवाय असतो, त्यामुळे नवे लोक त्याला वेगळीच जात समजतात. एप्रिलपासून शेपूट वाढू लागते, मानेमागे सोनेरी पट्टा उजळतो. अंडी पावसाळ्यात. यांच्यात मादी अंडी घालून पुढच्या नराकडे जाते. उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे. म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्धवट शेपटीचे पक्षी दिसले तर शेपटीची स्थिती लिहा. पिसारा कधी पुरा होतो याची स्थानिक माहिती त्यातूनच जमेल.

कादवातीर

पक्ष्यांशिवाय इतर नोंदींसाठीही जागा ठेवा. या दिवसांत पाणदिवड काठच्या दगडांवर ऊन खात असते. बिनविषारी आहे, मारू नका. मुंगूस, कोल्हा पहाटे बांधावर दिसतात.

बिबट्याचा विषय ऊसतोडीच्या हंगामात येतोच. निफाडच्या उसात बिबटे राहतात, पिल्लेही तिथेच होतात, आणि तोड सुरू झाली की आडोसा जातो. काठावरच्या ओल्या मातीत ठसे सापडतात, पण निम्म्याहून अधिक "बिबट्याचे ठसे" कुत्र्याचे निघतात. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोके उमटतात, ठसा लांबट असतो. बिबट्या नखे आत ओढून चालतो. ठसा गोलसर, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. तरसाच्या ठशात नखे दिसतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. फोटो काढताना शेजारी नाणे किंवा पेन ठेवा आणि कॅमेरा सरळ वरून धरा, तिरक्या फोटोवरून माप निघत नाही. एकटे पिल्लू दिसले तर उचलू नका. मादी जवळपास असते आणि अंधार पडल्यावर घेऊन जाते. वनविभागाला कळवा आणि तिथून दूर व्हा.

गोदाकाठ

मेलेल्या पक्ष्यांबद्दलही लिहितो, कारण ऊन वाढले आणि पाणी साचून राहिले की हे घडू शकते. बदके किंवा वारकरी काठाशी बसून आहेत, उडत नाहीत, मान उचलता येत नाही, पाय ओढतात: ही बॉट्युलिझमची लक्षणे असू शकतात. कुजणाऱ्या गाळात जिवाणू विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यावर पडलेल्या अळ्यांत ते विष साठते, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि चक्र वाढत जाते. म्हणून मेलेले पक्षी लवकर उचलले जाणे महत्त्वाचे, पण आपण हात लावायचा नाही. बर्ड फ्लूची शक्यता प्रयोगशाळेतूनच निकालात निघते. जाती, प्रत्येकीची संख्या, किती मेलेले, किती लुळे, जागा आणि वेळ हे वनविभागाला लगेच कळवा. पाच पक्षी असतानाच कळवा, पन्नास होईपर्यंत थांबू नका.

माळटिटवी

पट्टकादंब निघण्याआधी त्यांच्या माना आणि पाय पाहून घ्या. मंगोलियात गळ्यात ओळखीची कॉलर घातलेले पक्षी भारतात सापडले आहेत. कॉलर दिसली तर रंग, अक्षरांचा रंग, अक्षरे-आकडे आणि ते वरून खाली वाचले की खालून वर, हे लिहा. पायात कडे असेल तर कोणता पाय आणि सांध्याच्या वर की खाली. डावा-उजवा पक्ष्याचा, आपला नव्हे. अर्धेच वाचता आले तर अर्धेच कळवा, न दिसलेल्या अक्षराच्या जागी रेघ ठेवा. भारतातल्या कड्यांची माहिती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे जाते.

फाल्गुनपाणी

आजच्या यादीचा मसुदा असा केला आहे. बरोबर आहे का पाहा.

चापडगाव मनोरा, सकाळी ६:४५ ते ७:४५, एका जागेवरून, पूर्ण यादी. पाणी खूणदगडाच्या खालच्या कडेला टेकलेले, डाव्या हाताला ओल्या चिखलाचा पट्टा, जलपर्णी उजव्या कोपऱ्यात. वारकरी ३२०, हळदीकुंकू १४, थापट्या ४६, भुवई २२, टिबुकली ९, शेकाट्या ३८, वंचक ५ (दोन विणीच्या पिसाऱ्यात), मोठा बगळा १, बगळा अनिश्चित २, दलदल भोवत्या १ मादी.

बोरूवन

उत्तम. दोनच गोष्टी. भोवत्याची मादी कशावरून, ते टिपणीत लिहा: गडद तपकिरी अंग, फिकट डोके, तरंगताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर, शेपटीला घारीसारखी खाच नाही. पण पहिल्या वर्षाचा नरही जवळपास तसाच दिसतो, म्हणून "मादी किंवा तरुण" लिहिणे बरे. आणि टिबुकली ९ हा तीन मोजण्यांतला सर्वांत मोठा आकडा आहे ना?

फाल्गुनपाणी

हो. ६, ९, ७ असे आले होते. "मादी किंवा तरुण" अशी दुरुस्ती केली. पुढच्या रविवारी याच वेळी, याच जागेवरून.